धावदोरा



पाचवीत असताना इंग्रजीच्या तासाला एका वाक्याचं मराठी करायचं होतं : 'माय फादर रन्स अ शॉप.' 'रन' म्हणजे पळणं, हे आदल्याच आठवड्यात पाठ झालेलं. मी बेधडक लिहिलं, 'माझे वडील दुकान पळवतात.' सगळा वर्ग हसला. माझे वडील खरोखरच दुकानदार होते. सांगलीत त्यांचं शिंप्याचं छोटं दुकान होतं. संध्याकाळी त्यांना हे सांगितलं, तर मशीनवरची मान न उचलता ते म्हणाले, ''दुकान पळत असतं तर काय हवं होतं, बेटा! चाललं तरी पुरे.''

त्या एका शब्दानं तेव्हापासून माझा पिच्छा सोडलेला नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1928 साली पूर्ण झाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढं नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'नं त्याला मागं टाकलं. 2011 साली बातमी आली, की क्रियापद म्हणून 'रन'चे 645 अर्थ नोंदवले गेले आहेत. संपादक पीटर गिलिव्हर या एकाच शब्दावर नऊ महिने बसले होते. पळणाऱ्या शब्दासाठी माणसाला बसावं लागतं ते असं!

इंग्रजीत नदी 'रन' होते, नाकही होतं. धुण्यात कपड्याचा रंग जातो, तोही 'रन'च. यंत्रं आली आणि या शब्दाला नवं काम मिळालं. इंजिन, गिरणी, आगगाडी, पुढं संगणकातला प्रोग्रॅम, सगळे 'रन' होऊ लागले. आपल्याकडं मात्र घड्याळ चालतं, शाळा चालते, संसारही चालतो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड' करतो. आपला उमेदवार ब्रिटिशांसारखा उभा राहतो. निवडून आल्यावर तो कुठं बसतो, हा विषय वेगळा.

क्रिकेटमधल्या 'रन'चं आपण सरळ 'धाव' केलं. गंमत अशी, की चेंडू सीमापार गेला तर फलंदाज जागचा न हलताही चार धावा मिळवतो. वडिलांच्या धंद्यातही हा शब्द होताच. इंग्रजीतला 'रनिंग स्टिच' म्हणजे आपला धावदोरा. पक्की टीप मारण्याआधी दोन कापडं तात्पुरती जोडून ठेवणारे हे साधे टाके. शिवणकामातला पहिला धडा मी त्यांच्याकडून हाच शिकलो.

पण मराठीतल्या धावण्याचा एक अर्थ मला फार मोलाचा वाटतो. आपण देवाचा धावा करतो, आणि संकटात माणसं आपल्यासाठी 'धावून येतात'. धावून आलेला माणूस प्रत्यक्षात सावकाश चालत आला असेल, तरी भाषा त्याला धावलेलाच मानते.

2005 साली कृष्णेला पूर आला. वडील थकले होते, मी परगावी नोकरीला. दुकानात पाणी शिरू लागलं तेव्हा गल्लीतली माणसं धावून आली. कुणी मशीन डोक्यावर घेतलं, कुणी गिऱ्हाइकांच्या कापडाचे गठ्ठे, आणि एकानं वडिलांना पाठुंगळी मारलं. कुणाचं आडनाव काय, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. ''दुकान वाहून गेलं असतं,'' वडील नंतर फोनवर म्हणाले, ''पण लोकांनी ते पळवलं.'' पाचवीतली माझी चूक त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती!

हज आणि उमरा करणारे सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत धावलेल्या हाजराची ती आठवण. तिला 'सई' म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थ धावणं असा आहे, आणि प्रयत्न करणं असाही.

645 अर्थांचा मला आदर आहे. पण दुसऱ्यासाठी धावण्याचा हा एक अर्थ आपल्या भाषेत आहे, तो जपू या. माणसं एकमेकांना जोडून ठेवणारा धावदोरा तोच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)