परमुलखातील पेज

शिक्षकाच्या पेशात प्रश्न विचारण्याची सवय जडते. कोणी आपल्यालाच प्रश्न विचारला की मात्र त्रेधा उडते. 2018 साली माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने मला असेच पेचात टाकले. तिच्या शाळेत प्रत्येक मुलाने आपल्या घरचा एक पदार्थ आणावा, असे बाईंनी सांगितले होते. वही मिटत ती म्हणाली, "मावशी, आपल्या घरचा म्हणजे कुठला? आपण नक्की कुठले?"

हे संभाषण लिस्बन शहरातील एका तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात झाले. धाकट्या बहिणीच्या यजमानांचे आजोबा-आजी पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात जन्मलेले. त्या नात्याने ते कुटुंब तिकडे गेले आणि स्थिरावले. बहिणीचे दुसरे बाळंतपण होते, म्हणून मी शाळेतून बिनपगारी रजा घेऊन आठ महिन्यांसाठी तिच्याकडे गेले होते.

आमचे घराणे कोणत्याही एका चौकटीत नीट बसत नाही. वडील खानापूर तालुक्यातले, पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे कॅथॉलिक. आई साष्टीची, तिची बोली कोंकणी. मी बेळगावात मराठी शिकवते. "ख्रिस्ती असून इतके चांगले मराठी कसे?" हा प्रश्न वीस वर्षांत मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता नुसती हसते. 1616 साली प्रसिद्ध झालेले 'क्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स तर जन्माने इंग्रज होते, हे सांगण्याचाही कंटाळा येतो. इकडे आमचे जेवण लोकांना 'फिरंगी' वाटते आणि लिस्बनमध्ये आम्ही निखालस 'हिंदी' ठरतो. भाचीच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते ते यामुळेच.

परदेशातील पहिले सुख मला मंडईत लाभले. भाषा येत नव्हती, पिशवी मात्र हातात होती. भाजीवाली एका ढिगाकडे बोट दाखवून 'बटाटा' म्हणाली आणि मी चमकले. कोबीला तिचा शब्द 'कोव्ह', काजूला 'कजू', अननसाला 'अननाश'. बालदी, परात, घमेले, पगार हे आपल्या रोजच्या वापरातले शब्द त्याच गलबतांतून उतरले आहेत. किल्लीला ते आज 'शाव्ह' म्हणतात, आपण 'चावी' म्हणतो. चारशे वर्षांपूर्वी तेही या शब्दात 'च'च उच्चारीत. त्यांनी तो पुढे सोडला, आपण जपून ठेवला. परक्याची ठेव अशी सांभाळणारे आपण, हे कळून मला मोठी गंमत वाटली.

उलट दिशेनेही पुष्कळ गेले आहे. तेथील कोणत्याही साध्या उपाहारगृहात काचेच्या कपाटात 'शामूसा' मांडलेला दिसतो. तोच आपला समोसा. गोव्याहून मोझांबिकला गेलेली कुटुंबे 1975 साली तो देश स्वतंत्र झाल्यानंतर मोठ्या संख्येने लिस्बनला आली आणि त्यांच्याबरोबर ही चव शहरभर पसरली. मार्तिम मोनीझ चौकाच्या आसपासच्या दुकानांत हळद, धणे, तूरडाळ सारे मिळते. संध्याकाळी भाचीला घेऊन त्या बाजूला जावे, एक शामूसा दोघींत वाटून खावा आणि परतताना चढावर दमून पायरीवर बसावे. माझा दिवस एवढ्याने साजरा होई.

परंतु घरी चित्र निराळे होते. बहिणीने आईच्या हातचे पदार्थ करणे सोडून दिले होते. मसाल्याच्या फोडणीचा वास जिन्यात जातो म्हणून खालच्या बिऱ्हाडातून एकदा तक्रार आली होती. भाचीच्या डब्यातल्या सुक्या सुंगटांच्या किसमुरीला वर्गात कोणीतरी नाक मुरडले होते. ही झाली वरवरची कारणे. खरे कारण मला हळूहळू उमगले. आदल्या वर्षी आमची आई वारली, तेव्हा बहिणीला येता आले नव्हते. मी आईच्या मसाल्यांचा डबा बरोबर नेला होता. तो तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला आणि त्याचे झाकण कधी उघडले नाही.

फेब्रुवारीत मला ताप आला. चार दिवस अन्नावर वासना नव्हती. पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई झाकलेले भांडे घेऊन आल्या. नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या, मितभाषी बाई. आजाऱ्याला हेच द्यायचे, असे खुणेने सांगून त्यांनी झाकण काढले. कोंबडीच्या पाण्यात मऊ शिजवलेला तांदूळ आणि वर पुदिन्याचे एक पान. मी नाव विचारले. त्या म्हणाल्या, "कांझा."

बहिणीने एक चमचा चाखून पाहिला आणि ती रडू लागली. म्हणाली, "अक्का, ही पेज आहे. आईची पेज."

तिचे म्हणणे भावनेच्या भरातले असले तरी खोटे नव्हते. 'कांझा' म्हणजे आपली कांजी. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी हा शब्द आणि हे अन्न दोन्ही उचलली आणि आज साऱ्या पोर्तुगालात ताप आला की आई मुलाला कांझा देते. एखादे काम अगदी सोपे असेल तर 'ही तर कांझा' असे ते म्हणतात. आपण 'डाव्या हाताचा मळ' म्हणतो तसेच. अशा शब्दांचा छडा ज्यांनी लावला ते मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो 1855 साली बारदेशातील आसगावला जन्मले आणि 1922 साली लिस्बनमध्ये वारले. अखेरच्या काळात दोन्ही पाय कापावे लागले असताही ते लिहीत राहिले आणि 1919 ते 1921 या काळात त्यांचा लुसो-आशियाई शब्दांचा कोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला. दूरदेशी राहून आपल्या घरचे शब्द धुंडाळणारा हा कोंकणी पंडित मला त्या दिवसांत फार जवळचा वाटला.

श्रोतेहो, ही सरमिसळ सारी गोडीगुलाबीने झाली, असे मात्र मी म्हणणार नाही. मी इतिहासही शिकवते. गोव्याच्या इन्क्विझिशनने 1736 साली एक फर्मान काढले. त्यात नवख्रिस्ती लोकांनी हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, अशी आज्ञा होती. भातात मीठ घालावे की न घालावे, यावर ज्या सत्तेचा डोळा होता, तिच्या धाकात आमच्या पूर्वजांच्या चुली पेटत होत्या. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा वसईकडे आजही सांगतात. ज्या पावाने माणसे एकमेकांपासून तुटली असे सांगितले जाते, तोच पाव आज मिसळीबरोबर आणि वड्याबरोबर सगळा महाराष्ट्र आवडीने खातो. ते दुःख विसरू नये. परंतु ते दुःख स्मरून पानातला घास परका मानावा, हेही मला पटत नाही. फर्मान काढणारे गेले. रांधणाऱ्या बायका राहिल्या आणि त्यांनी समोर आलेल्या वस्तूला आपले वळण दिले.

विंदालूचेच पाहा. मूळ पोर्तुगीज पदार्थ वाइन आणि लसणीत मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा. मदैरा बेटावर आजही तो नाताळात करतात. गोव्यात वाइनच्या जागी माडीचा शिरका आला आणि अमेरिकेतून आलेली मिरची त्यात पडली. आमच्या आईचे विंदालू म्हणजे तीन खंडांची भेट! तिला त्याचा पत्ता नव्हता. शिरका जुना हवा आणि मसाला पाट्यावर वाटलेला हवा, एवढेच ती जाणत होती.

ताप उतरल्यावर एका सकाळी मला धण्याजिऱ्याचा वास आला. बहिणीने तो डबा खाली काढला होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. दुपारी तिने एका वाटीत विंदालू घालून वरच्या बाईंकडे पाठवले. त्यांना ते फार तिखट लागले असावे, कारण वाटी परत आली ती पाण्याचा पेला पिण्याच्या अभिनयासह. पण वाटी रिकामी होती.

भाचीने शाळेत काय नेले, हे सांगायचे राहिले. तिने थर्मासमधून पेज नेली आणि सोबत आंब्याचे लोणचे. वर्गात तिने सांगितले, "ही तुमच्या कांझाची आजी." काही मुलांनी चव घेतली, काहींनी घेतली नाही. एकाने लोणचे दोनदा मागितले. घरी येऊन ती मला म्हणाली, "मावशी, आपण कुठले ते मी नाही सांगितले. आपण काय जेवतो ते सांगितले."

माझ्या मते उत्तर हेच. वंशावळी शोधू लागले की प्रत्येक घासामागे कोणीतरी परका उभा दिसतो. आपले तेच, जे आपल्या माणसांनी आपल्यासाठी नित्य रांधले आणि ज्याच्या वासाने आपल्याला त्यांची आठवण येते. मिश्र वारसा म्हणजे दोन अर्धवट वारसे नव्हेत. आमच्या पुरता तो भरलेल्या पानासारखा आहे.

आज बेळगावात माझ्या दारी सकाळी पाव येतो, दुपारी भाकरी होते आणि कोणाला ताप आला की पेज चढते. हल्ली मी तिच्यात पुदिन्याचे एक पान घालते. तेवढे लिस्बनच्या त्या वृद्ध बाईंचे.