वहीतील नावे आणि यंत्राचे मौन
(संस्थेच्या अमृतमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



संस्थेच्या जुन्या मदत-वह्या संगणकात उतरविण्याचे काम विश्वस्तांनी आम्हा तिघांवर सोपविले, तेव्हा हे निव्वळ नक्कल करण्याचे काम आहे अशी आमची समजूत होती. ती चुकीची ठरली. कशी, ते आज सांगावयाचे आहे. कारण त्यात आमच्या हातून एक चूक झाली आणि ती छापली जाता जाता राहिली.

प्रथम वह्या कशा उतरविल्या ते सांगतो. 'एक्सएमएल' नावाची एक लेखनपद्धती आहे. १९९८ साली ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक मजकुरास नावाची चिठ्ठी लावतात आणि एक चिठ्ठी दुसरीच्या पोटात बसते. वहीच्या पोटात मदत. मदतीच्या पोटात नाव, कारण आणि रक्कम. शिवाय चिठ्ठीवरच एखादी खूण लिहिता येते, जसे मदतीचे वर्ष. ह्या चिठ्ठ्यांची नावे देवनागरीत ठेवता येतात हे पुष्कळांस ठाऊक नसते. आम्ही ती मराठीतच ठेवली.

आता एवढ्या पसाऱ्यातून हवे ते काढावे कसे? त्यासाठी 'एक्सपाथ' नावाची एक वाट दाखविणारी भाषा १९९९ साली ठरली. पाकिटावरील पत्त्याच्या उलट क्रमाने ती चालते: आधी गाव, मग पेठ, मग वाडा, शेवटी खोली. '/वही/मदत/नाव' असे लिहिले की वहीतील प्रत्येक मदतीतील प्रत्येक नाव मिळते. दोन तिरक्या रेघा दिल्या, तर घरात कोठेही असेल तेथून शोध, असा अर्थ होतो. चौकटी कंसात अट घालावयाची. खुणेपूर्वी '@' हे चिन्ह लावावयाचे. मोजणी एकापासून होते, शून्यापासून नव्हे. आणि गंमत अशी, की ह्या भाषेतील दिशांची नावे इंग्रजी असली तरी त्यांतील बरीच नात्यागोत्याची आहेत: अपत्य, पालक, पूर्वज, वंशज, भावंड. ज्याने कधी कुलवृत्तांत चाळला आहे त्याला ही भाषा परकी वाटू नये.

ही वाट चालावयास कोणी तरी लागतो. वेबवरील पाने तयार करणाऱ्या पीएचपी ह्या भाषेत २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून 'सिंपलएक्सएमएल' हे साधन आले. फाइल उघडावी, वाट सांगावी. सापडलेल्या नोंदींची यादी हाती पडते.

स्मरणिकेसाठी १९६० पूर्वी मदत मिळालेल्या विद्यार्थ्यांची यादी हवी होती. आम्ही वाट लिहिली:

//मदत[@वर्ष < १९६०]/नाव

(यंत्रात हा आकडा इंग्रजी घातला होता, येथे छपाईसाठी मराठी केला आहे.) उत्तर आले ते रिकामे. एकही नाव नाही. आम्ही चिटणीसांना बेधडक सांगितले, "त्या काळच्या नोंदी दिसत नाहीत." तसे वाक्य स्मरणिकेच्या मजकुरातही गेले.

मुद्रिते तपासण्याच्या दिवशी आपल्या संस्थेतील एक वयोवृद्ध आजी कार्यालयात आल्या होत्या. ते वाक्य कानी पडताच त्या म्हणाल्या, "अरे बाळांनो, अठ्ठावन्न साली माझी मॅट्रिकची फी ह्याच संस्थेने भरली. वडील नुकतेच गेले होते. वहीत मी स्वतः सही केली आहे. नोंद नाही कशी म्हणता?"

आम्ही खाली मान घालून वही काढली. सही होती.

मग कारण शोधले. जुन्या वह्या उतरविणाऱ्या आमच्यातील एकाने भक्तिभावाने मुळाबरहुकूम वर्षे मराठी आकड्यांत लिहिली होती. नव्या वह्या दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत. एक्सपाथची पहिली आवृत्ती, आणि पीएचपीत तीच चालते, केवळ इंग्रजी आकड्यांनाच संख्या समजते. मराठी आकड्यांतील १९५८ ही तिच्या लेखी संख्याच नव्हे. जी संख्या नव्हे ती १९६० पेक्षा लहान नाही, मोठी नाही आणि बरोबरीचीही नाही. अशा नोंदी ह्यांतील कोणत्याच अटीत बसत नाहीत. सगळ्या चाळणीतून मुकाट्याने गळतात.

हे मौनच घातक आहे. एखादा कंस मिटवावयाचा राहिला, तर पीएचपी लगेच तक्रार करते आणि यादीऐवजी नकार देते. पण वाट व्याकरणशुद्ध असून चुकीच्या घरी जात असेल, तर ती बोलत नाही. रिकामी यादी पुढे ठेवते. चिठ्ठीवर जुन्या वळणाने 'नांव' असेल आणि आपण 'नाव' विचारले, तरी तेच. यंत्र अक्षराला अक्षर ताडून पाहते. माणसासारखे समजून घेत नाही.

यावर उपाय आपल्या खजिनदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: ताळा पाहणे. एक्सपाथमध्ये नोंदी मोजण्याची सोय आहे. आधी सर्व मदतींची मोजणी करावी. मग १९६० पूर्वीच्या आणि १९६० व त्यानंतरच्या, अशा दोन मोजण्या करून बेरीज ताडावी. बेरीज जमली नाही, की काही नोंदी अधांतरी आहेत असे समजावे. आम्ही हे शेवटी केले. आधी करावयास हवे होते.

दुरुस्तीसाठी वह्या पुन्हा लिहाव्या लागल्या नाहीत. ह्याच भाषेत अक्षरास अक्षर बदलून देणारी एक क्रिया आहे. शून्यापासून नवापर्यंतचे मराठी आकडे आणि त्यांपुढे तेवढेच इंग्रजी आकडे दिले, की तुलनेपुरते वर्ष पालटते आणि मूळ नोंद जशीच्या तशी राहते. ही दुरुस्ती केल्यावर जी यादी आली, तीत आजींचे नाव होते. ती यादी ह्या स्मरणिकेत छापली आहे.

मंडळी, कोणाला मदत झाली होती हे विसरणे म्हणजे देणारा आणि घेणारा दोघांनाही विसरणे होय. ह्यापुढे यंत्राने 'काही नाही' असे दाखविले, तर आम्ही आधी आपला प्रश्न तपासू, मग वही उघडू आणि तेवढ्याने भागले नाही तर आजींना विचारू. उलट क्रमाने गेलो असतो, तरी चालले असते.