पावसाळ्यात उभा राहणारा ट्रॅक्टर
(शिरपूर जैन येथे दिलेले भाषण)

सोयाबीनची पेरणी आटोपली की अनेकांचा ट्रॅक्टर ऑक्टोबरपर्यंत उभाच असतो. ऐन मळणीला तो सुरू झाला नाही, तर परतीच्या पावसात गंजी भिजते.

म्हणून उभा करण्यापूर्वी इंजिन गरम असतानाच जुने ऑइल काढून नवे भरावे. डिझेलची टाकी पूर्ण भरावी. रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी व दरमहा बॅटरी चार्ज करावी. क्लचचे पायडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवावे, म्हणजे प्लेट चिकटत नाही. सायलेन्सरवर डबा पालथा घालावा. सुरू करण्यापूर्वी मात्र तो आठवणीने काढावा.

अर्ध्या दिवसाचे हे काम सुगीतला खोळंबा वाचवते.