मूळ फोटो

(दहावी 1998 च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'शाळेपासून सॉफ्टवेअरपर्यंतचा माझा प्रवास'. प्रवास काही फार लांबचा नाही. तासगाव ते सांगली आणि सांगली ते पुणे, एवढाच. त्यामुळे मी सगळा प्रवास सांगत नाही, पहिल्या थांब्याबद्दलच बोलते. तिथे माझ्या हातून एक गोष्ट घडली होती. ती आज इथे, तुमच्यासमोर सांगायची असं मी ठरवून आले आहे.

मार्च 1998 मध्ये आपली परीक्षा संपली. निकालाला अवकाश होता. त्या सुट्टीत गावात कॉम्प्युटरचा क्लास सुरू झाला होता, आठवतंय? तीन महिन्यांचा कोर्स. आईने भिशीचे पैसे काढून माझी फी भरली. दारात चपला काढायच्या, पाय पुसून आत जायचं, आणि एका मशीनवर दोघींनी बसायचं. गावात एसी पाहिला तो मी तिथेच पहिल्यांदा. तो आमच्यासाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. लाईट गेली की यूपीएस ओरडायला लागायचा आणि सर दुसऱ्या टोकाकडून ओरडायचे, "सेव्ह करा, सेव्ह करा!"

पहिला महिना डॉस आणि टायपिंगमध्ये गेला. दुसऱ्या महिन्यात सरांनी नोटपॅड उघडायला लावलं आणि सांगितलं, आता वेब पेज तयार करायचं. क्लासमध्ये इंटरनेट नव्हतं. तरी आम्ही इंटरनेटची पानं शिकत होतो, कोरड्या विहिरीत पोहायला शिकावं तसं. पण एचटीएमएल मला लगेच जमलं. त्याचं श्रेय बीजगणिताच्या बाईंना आहे. "कंस उघडलास ना? मग बंद कोण करणार, मी?" हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांनी हात वर करा. बघा, सगळेच. एचटीएमएलमध्ये सगळा तोच खेळ. ठळक अक्षरांची खूण उघडली आणि बंद करायची विसरली, की पुढचं सगळं पान ठळक. टेबल उघडलं आणि बंद केलं नाही, तर तेव्हाच्या नेटस्केपमध्ये पानच दिसायचं नाही, नुसती कोरी खिडकी. अर्धा तास शोधल्यावर कळायचं की एक तिरकी रेघ राहिली आहे.

मराठीची गंमत वेगळीच. आज आपण मोबाईलवर मराठी लिहितो आणि ते अमेरिकेतल्या मोबाईलवरही मराठीच दिसतं. तेव्हा तसं नव्हतं. प्रत्येक फॉन्टची मांडणी आपापली. माझ्या मशीनवर 'दहावी ब' असं सुबक दिसणारं शीर्षक शेजारच्या मशीनवर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होऊन यायचं, कारण तिथे तो फॉन्ट नसायचा. त्यावर उपाय एकच. अक्षरं फोटोशॉपमध्ये लिहायची, त्यांचं चित्र करायचं आणि ते चित्र पानावर लावायचं. मी आपल्या वर्गातल्या सगळ्यांची नावं अशीच, चित्र करून लावली होती.

हो, कोर्सच्या शेवटी जो प्रोजेक्ट करायचा होता, त्यासाठी मी आपल्याच वर्गाचं पान केलं होतं. वर शाळेचं नाव, मध्ये आपला निरोप समारंभाचा फोटो, खाली नावं.

आता त्या फोटोविषयी.

फोटो आमच्या घरचा होता, सात इंच बाय पाच इंचाचा. तो सांगलीला एका डीटीपीवाल्याकडे स्कॅन करून आणला. सर गणित करून दाखवायचे. दर इंचाला 150 ठिपके धरले तर 1050 गुणिले 750, म्हणजे जवळपास आठ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. झाले सुमारे 23 लाख 60 हजार बाइट. फ्लॉपी होती 1.44 एमबीची. मावणारच नाही. म्हणून जेपेग करायचं. डोळ्याला सहसा जाणवत नाही एवढा तपशील जेपेग टाकून देतं आणि फाईल लहान होते. तशी माझी फाईल 200 केबीच्या आसपास आली. सर म्हणाले, अजून लहान कर. 33.6 च्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम चार केबी येतात, तुझ्या फोटोसाठी कोण पाऊण मिनिट थांबणार? 30 केबीच्या आत आण.

त्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत उजवीकडून दुसरी होते. उजवीकडून पहिली कोण होती, हे तुमच्यापैकी किती जणांना आठवतंय?

ती वर्गात माझ्या शेजारी, एकाच बाकावर बसायची. फोटोच्या दिवशी ती उशिरा आली. बेदाण्याचा हंगाम होता आणि ती सकाळी आईबरोबर शेडवर काम करून शाळेत यायची. गणवेशाचा जोड एकच, तो धुऊन वाळलेला नव्हता. आपण सगळ्या आकाशी कुर्ता आणि पांढऱ्या ओढणीत, आणि ती पिवळ्या ड्रेसमध्ये. फोटोग्राफर क्लिक करणार एवढ्यात ती धावत आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

फोटोशॉपमध्ये मी काय केलं ते सांगते. क्रॉपचं हत्यार घेतलं, उजवीकडची पट्टी निवडली आणि कापली. ती गेली, मागचा अर्धा कडुलिंब गेला. पण माझ्या खांद्यावर तिची बोटं राहिली. मग रबर स्टॅम्प घेतला. हे हत्यार चित्राच्या एका भागातले ठिपके उचलून दुसऱ्या भागावर उमटवतं. माझ्याच कुर्त्याचा दुसरीकडचा तुकडा उचलून मी ती चार बोटं झाकली. आणि त्याच नावाने सेव्ह केलं. आमच्याकडच्या फोटोशॉपमध्ये एकच पायरी मागे जाता यायचं. अनेक पायऱ्या मागे नेणारी सोय पाचव्या आवृत्तीत आली, ती त्याच वर्षी, पण आमच्या क्लासपर्यंत पोचायला वेळ होता. ती असती तरी मी मागे गेले असते असं नाही.

सरांनी माझं काम सगळ्या बॅचला दाखवलं. "जोड कुठे आहे ते कळतंय का कुणाला?" कुणालाच कळलं नाही. मला फार अभिमान वाटला.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की फाईल लहान करायची होती म्हणून कापलं. आज वीस वर्षांहून जास्त या धंद्यात काढल्यावर ते गणित मला नीट येतं. ती पट्टी फोटोच्या दहाव्या भागाएवढी होती. तिने वजन फार तर दहा टक्के कमी झालं असेल. वजन कमी झालं ते फोटोची रुंदी 1050 वरून 500 ठिपक्यांवर आणल्यामुळे. त्यात ठिपके एक चतुर्थांशाहून कमी झाले. म्हणजे पट्टी कापायची काही गरज नव्हती. सरांनी फोटो लहान करायला सांगितलं होतं. कुणाला काढायचं, ते मी ठरवलं. पिवळा रंग डोळ्यात खुपत होता, एवढंच खरं कारण.

प्रोजेक्ट झाल्यावर मी मैत्रिणींना पान बघायला बोलावलं. तीही आली. पायातल्या चपला दाराशी काढून, ओढणीने हात पुसून आत आली. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "छान झालंय गं," म्हणाली आणि निघून गेली. त्या वर्षी तिचं गणित राहिलं होतं. पुढे तिचं लग्न झालं आणि आमचा संपर्क तुटला.

फोटो मात्र हिंडत राहिला. घरचा मूळ फोटो वडिलांच्या बदल्यांमध्ये कुठेतरी गेला. फ्लॉपीवरचा सीडीवर आला. इंजिनिअरिंगला असताना मी ते पान जिओसिटीजवर टाकलं. 2009 मध्ये जिओसिटीज बंद झालं, पान गेलं, पण तोवर फोटो ऑर्कुटवर पोचला होता. तिथून कुणीकुणी उतरवून घेतला. दोन वर्षांपूर्वी आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाला, तेव्हा ग्रुपला लावलेला फोटो हाच होता. माझा. कापलेला.

आणि आपण माणसं कशी शोधली? तोच फोटो समोर ठेवून. "वरच्या रांगेत डावीकडून चौथा कोण?" "तो आता नाशिकला असतो." एकेका चेहऱ्यावर बरोबरची खूण करत आपण यादी पूर्ण केली. यादी पूर्ण झाली म्हणून सगळ्यांनी टाळ्यांच्या इमोजी टाकल्या. मीही टाकल्या.

यादी घेऊन आम्ही तिघी बाईंच्या घरी गेलो. बाईंनी चष्मा लावला, यादी वाचली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अगं, तुझ्या शेजारची कुठाय?"

बाई, तुम्ही हजेरी घ्यायचात त्या क्रमाने नावं म्हणून दाखवलीत. तिच्या नावाशी थांबलात. मला तिथे खाली बघण्याशिवाय काही सुचलं नाही.

तिचा नंबर मिळायला तीन आठवडे लागले. फोनवर मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं गं. तेव्हाच बघितलं की. मला वाटलं, कॉम्प्युटरला पिवळं चालत नसेल." मग हसली. मी हसू शकले नाही. मी माफी मागितली, तर म्हणाली, "बरं, मेळावा कधी आहे ते सांग." मी विचारलं, हे सगळ्यांसमोर सांगू का? "सांग की. नाव नको घेऊ, तेवढं." म्हणून नाव घेत नाही. ती इथेच बसली आहे.

तिच्याकडे तो फोटो आहे. पत्र्याच्या पेटीत, तळाला, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. रंग थोडे उडालेत, पण सगळे जण आहेत. या स्मरणिकेत छापायला तोच दिला आहे. मी तो स्वतः स्कॅन केला. डागसुद्धा काढले नाहीत. उजवीकडून पहिली बघा, आणि माझा खांदाही बघा.

आमच्या ऑफिसमध्ये नवीन मुलं येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, मूळ फाईलला हात लावायचा नाही, प्रत काढून त्यावर काम करायचं. मुलांना वाटतं, मॅडमना शिस्तीचं वेड आहे. कारण आज तुम्हाला सांगितलं.

आता एक काम. शाळेचे जुने फोटो आपण एकत्र करतो आहोत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते न कापता पूर्ण, कडांसकट स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही पाठवा. नावं रांगेप्रमाणे टाईप करून द्या, म्हणजे पुढे कुणी शोधली तर सापडतील. आणि कडेला कुणी अर्धवट दिसत असेल, अगदी नुसता हात दिसत असेल, तर तो कुणाचा ते विचारा.

बाई, यादी आता पूर्ण आहे. हजेरी घ्यायला हरकत नाही.