पाच डॉलरचं तिकीट आणि आपल्या शाळेचा हॉल



मी सॉफ्टवेअरवर बोलेन, असं संयोजकांना वाटलं असावं. पण मी बोलणार आहे ती गोंगाट करणाऱ्या एका बँडवर. माझी आई हे संगीत ऐकते आणि विचारते, "बाप्पा, हा पोट्टा काहून एवढा कोकलते?" तर काहून कोकलते, तेच सांगते.

2005 साली मुंबईत 'स्क्राईब' नावाचा बँड सुरू झाला. हार्डकोर पंक म्हणजे छोटी, वेगवान, ओरडून म्हटलेली गाणी. पोस्ट-हार्डकोरमध्ये आवेश तोच, पण लय मध्येच मोडते, एकदम शांतता पसरते आणि पुन्हा भडका उडतो. स्क्राईबचं संगीत या दोन्हींच्या शेजारचं. राष्ट्रसंतांची खंजिरी ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ते अगदीच परकं वाटू नये. ठेका चढत गेला की माणूस नुसता बसून राहत नाही, हे मोझरीला कोणाला शिकवावं लागत नाही.

या बँडच्या अल्बमची नावं बघा. 2010 चा 'मार्क ऑफ तेजा', 2014 चा 'हेल मोगॅम्बो'. 'अंदाज अपना अपना' आणि 'मिस्टर इंडिया' आपण सगळ्यांनीच पाहिलेत. अमेरिकेतून आलेला आवाज या पोरांनी आपल्या टॉकीजमधल्या खलनायकांशी जोडला. रागीट संगीताला स्वतःवर हसताही येतं, हे त्यांनी दाखवलं. त्यांचा प्रभाव मला इथेच सगळ्यात जास्त जाणवतो. गायक विश्वेश कृष्णमूर्ती दिग्दर्शनाचं कामही करतो, म्हणजे पोटापाण्याचं वेगळं आणि गाणं वेगळं. त्याच मुंबईत 'गॉडेस गॅग्ड' हा बँड होता. त्यांचा 'रिसरफेस' 2011 मध्ये आला. त्यातले देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी पुढे 'स्कायहार्बर'मध्येही वाजवू लागले. छोट्या बँडची गंगाजळी म्हणजे अशी तयार झालेली माणसं.

या घराण्याचे मूळपुरुष म्हणावेत असा बँड वॉशिंग्टनचा, 'फुगाझी'. त्यांचा पहिला कार्यक्रम 1987 चा. गायक इयन मकाय याने मित्रासोबत 1980 मध्येच 'डिस्कॉर्ड' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. मोठ्या कंपन्या मागे लागल्या, तरी फुगाझी तिथेच राहिले. तिकीट साधारण पाच डॉलर, कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश, टी-शर्टची विक्री नाही. गर्दीत कोणी मारामारी केली, तर गाणं थांबवून त्याचे पैसे परत करायचे आणि त्याला बाहेर पाठवायचं. 2003 पासून ते थांबले आहेत, पण शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं त्यांनी लोकांसाठी खुली केली. ओपन सोर्सवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हे लगेच पटतं.

आता मुद्द्याचं. मुंबईत रॉकसाठी प्रसिद्ध असलेलं धोबीतलावचं रंगभवन, जवळच्या हॉस्पिटलांमुळे शांतता क्षेत्रात आलं आणि अशा कार्यक्रमांना बंद झालं. मुंबईला दुसऱ्या जागा सापडल्या. अकोल्या-अमरावतीत गिटार घेतलेल्या पोरापोरींना काय सापडतं? गॅदरिंग, गणपती, नाहीतर लग्नातला ऑर्केस्ट्रा, आणि तिथे गाणी दुसऱ्यांचीच. स्वतःचं गाणं म्हणायचं असेल, तर पुण्याची गाडी पकडायची. आपल्यापैकी निम्म्यांनी नोकरीसाठी हीच गाडी पकडली. गाण्यासाठी तरी त्यांना ती पकडावी लागू नये.

आपल्या बॅचचा निधी जमतो आहे. प्रवेशद्वारावर आपल्या नावांची पाटी लावावी, अशी एक सूचना आहे. माझी सूचना दुसरी आहे. त्या पैशातून शाळेच्या हॉलसाठी चांगले स्पीकर, मिक्सर आणि दोन-तीन माइक घेऊ. महिन्यातला एक रविवार, संध्याकाळी पाच ते आठ, हॉल गावातल्या पोरांना देऊ. तिकीट वीस रुपये, वयाची अट नाही, गाणं मात्र स्वतःचं हवं. भजन असो, रॅप असो की कोकलणं असो.

परीक्षेच्या दिवसांत बंद ठेवू, आणि शेजाऱ्यांशी मी स्वतः बोलेन. सर, हॉलची किल्ली तुमच्याकडे आहे. जेवणानंतर दहा मिनिटं द्याल का?