देहाच्या हालचाली आणि मनाचा विकार



आम्ही मॅट्रिक झालेले जुने मास्तर. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही. परंतु मुलांची कवायत पाहण्यात आमचा जन्म गेला, म्हणून हा विषय जवळचा वाटतो. मनाचा विकार आधी बोलण्यात दिसतो, असे आपण धरून चालतो. जर्मन वैद्य कालबाउम यांनी १८७४ साली ग्रंथ लिहून दाखविले की, काही रुग्ण तासन् तास एकाच स्थितीत ताठून बसतात. हात उचलून सोडला तर तो तसाच अधांतरी राहतो. अमेरिकेत एलेन वॉकर या विदुषींनी, पुढे स्किझोफ्रेनिया जडलेल्यांच्या बालपणीच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. निरोगी भावंडांच्या मानाने या मुलांच्या हालचालींत, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, अवघडलेपणा अधिक आढळला. हे १९९४ साली प्रसिद्ध झाले. अर्थात प्रत्येक धांदरट मूल पुढे रुग्ण होते, असे मुळीच नव्हे!

मात्र कॉलेजात जाणारा मुलगा एकाएकी मंदावला, चमत्कारिक हातवारे करू लागला, घास हातातच धरून बसला, तर आपल्याकडे काय होते? कोणी अंगात आले म्हणतात, कोणी सोयरीक मोडेल या भयाने वर्ष-वर्ष झाकून ठेवतात. मुलगी असेल तर अधिकच. उपचाराच्या दृष्टीने तेच वर्ष मोलाचे. ताठलेल्या रुग्णाने अन्नपाणी सोडले तर प्राणावर बेतते. उलट लोराझेपॅमसारख्या औषधाने असे कित्येक थोड्याच दिवसांत हालू-बोलू लागतात. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शिवाय १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर २०२२ पासून मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो.