पथ्य म्हणजे उपवास नव्हे



मी वैद्य नाही, लेखणी चालवणारा माणूस आहे. माझ्या मेहुण्यांच्या आजारपणात आम्ही जी चूक केली, ती आपल्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी येथे उभा आहे.

खर्र्याच्या व्यसनापायी त्यांना गालाचा कर्करोग झाला. किरणोपचार सुरू होताच आप्तेष्टांचे सल्ले आले: साखर बंद, दूध बंद, डाळ बंद, केवळ फळांचा रस. मायेपोटी आम्ही ते पाळले. तीन आठवड्यांत वजन पाच किलोंनी उतरले आणि अशक्तपणामुळे उपचारांत खंड पडला. तेव्हा आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “अहो, अशाने रोग उपाशी मरत नाही, रोगी मरतो.”

साखर सोडल्याने गाठ विरघळते, याला आधार नाही. उलट उपचार सोसण्यासाठी शरीराला बळ लागते. सामान्यतः ५० किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. पाव लिटर दुधात सुमारे ८, मूठभर (३० ग्रॅम) मूगडाळीत ७ आणि एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

यासाठी वेगळा स्वयंपाक मांडावा लागत नाही. मुगाची मऊ खिचडी, तूप घातलेला घट्ट वरण-भात, दुधात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, कुस्करलेले पनीर हे आपल्या घरचेच पदार्थ. तोंड आले असेल तर वऱ्हाडी तिखट, लिंबू, चिंच दूर ठेवावी. अन्न कोमट द्यावे. भरले ताट पाहून रुग्णाची वासना मरते. म्हणून दर दोन-तीन तासांनी वाटीभरच वाढावे. पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर शिळे अन्न आणि बाजारातली कापलेली फळे टाळावीत, पाणी उकळून द्यावे. गिळता येत नसेल आणि डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली, तर घाबरू नये. तेही जेवणच आहे.

आपल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा अभिमान अवश्य बाळगावा, वरणात चिमूटभर घालावी. परंतु हळदीने कर्करोग बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. तिच्या अर्काच्या गोळ्या काही औषधांच्या आड येऊ शकतात. त्या डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नयेत.

सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील मोठी रुग्णालये आपल्या जिल्ह्यातच आहेत. तेथे औषधांची चिठ्ठी घेताना ‘काय खाऊ घालू?’ हेही विचारावे. आणि घरी परतल्यावर खर्र्याची पुडी कायमची उंबऱ्याबाहेर टाकावी.

आमच्या मेहुण्यांचे खंडित उपचार पुढे पूर्ण झाले, ते बहिणीने दर दोन तासांनी भरवलेल्या खिचडीच्या वाटीवर. अशी वाटी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी असावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.